मोहरीचा दाणा, काकवी आणि मायक्रोपोलर सीमास्तर: भिंतीवर एन किती घ्यायचा?

पाटावरची_काडी (परभणी)

नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

मी गणितात एम.एस्सी. केलंय. तालुक्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि सोबत पीएच.डी. करते. विषय आहे ताणल्या जाणाऱ्या पत्र्यावरचा मायक्रोपोलर द्रायूचा (फ्लुइडचा) सीमास्तर, म्हणजे बाउंडरी लेयर, भिंतीलगतचा पातळ थर. मागच्या आठवड्यात सेमिनार झाला. बाहेरून आलेल्या सरांनी अकराव्या स्लाइडवर थांबवून विचारलं, "भिंतीवर एन एकदा शून्य घेतलाय, एकदा अर्धा. कशावरून?" मी म्हणाले, "सर, आधीच्या पेपरांत असंच घेतात." सर गप्प राहिले. मग "पुढं चला" म्हणाले, एवढंच. एसटीत बसल्यापासून घर येईपर्यंत तेच डोक्यात होतं. ज्या अटीवर चार वर्षं तक्ते काढले ती अट नेमकं काय म्हणते, हे मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी सांगते. पाणी, तेल असा साधा द्रायू गणितात मांडताना प्रत्येक बिंदूला फक्त वेग देतात, तीन दिशांचे तीन आकडे. रक्त, रंग, गाळाचं पाणी यांत मात्र द्रवासोबत कणही वाहतात, आणि वाहता वाहता स्वतःभोवती गिरक्या घेतात. ए. सी. एरिंगन यांनी १९६६ साली मायक्रोपोलर द्रायूंचा सिद्धांत मांडला. त्यात वेगाचे तीन आणि या स्वतंत्र गिरकीचे तीन असे प्रत्येक बिंदूला सहा आकडे आले. घनपदार्थांसाठी ही कल्पना फ्रान्सच्या कोस्सेरा बंधूंनी १९०९ मध्येच लिहून ठेवली होती. नेहमीच्या श्यानतेला (द्रवाच्या दाटपणाला), म्हणजे म्यूला, जोडीला कॅपा नावाचा गुणक येतो. कणाची गिरकी आणि आजूबाजूच्या द्रवाचं फिरणं यांत फरक पडला की कॅपा दोघांना एकमेकांकडे ओढतो. कॅपा भागिले म्यू याला आम्ही के म्हणतो. के शून्य केला की परत साधं पाणी.

आता भिंतीवरची अट. गिरकी बरोबर वजा एन गुणिले वेगाचा उतार, म्हणजे भिंतीपासून दूर जाताना वेग किती झपाट्यानं बदलतो ते. एन शून्य असेल तर भिंतीपाशी कण फिरतच नाही. एन अर्धा असेल तर कणांची गर्दी विरळ आहे असं पुस्तकात लिहिलेलं असतं. एन एक हा खळाळत्या प्रवाहासाठी घेतात. एवढं मला पाठ आहे. का, ते कुणी सांगेल का?

दुसरी अडचण अगदी साधी आहे. एन अर्धा ठेवून के एक घेतला तर पत्र्यावरचा उतार बरोबर येतो, पण के दहा केला की उत्तर दुसऱ्या दशांशालाच चुकतं. अशी समीकरणं दोन टोकांच्या अटींवरून सोडवणारं पायथनचं सॉल्व्ह-बीव्हीपी वापरते. कुठलीही तक्रार न करता प्रोग्राम पूर्ण होतो.

विषुववृत्त (नांदेड)

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं बघू, तो पाच मिनिटांत सुटेल. तुमचं अनंत किती आहे, म्हणजे पत्र्यापासून किती दूर वेग शून्य धरलाय? मला वाटतं पाचवर कापलंय.

एन अर्धा असताना ताणत्या पत्र्याचं उत्तर हातानं निघतं. क्रेन यांनी १९७० साली साध्या द्रायूसाठी जे दिलं तेच, फक्त श्यानता बदललेली. वेग ई च्या वजा बीटा-ईटा घाताप्रमाणे घटतो (ईटा म्हणजे पत्र्यापासूनचं, एकक काढून टाकलेलं अंतर) आणि बीटा म्हणजे १ भागिले वर्गमुळात (१ + के/२). पत्र्यावरचा उतार वजा बीटा. के एक असेल तर -०.८१६५, के दोन असेल तर -०.७०७१, के दहा असेल तर -०.४०८२.

आता के दहा घेऊन ईटा पाचवर काय उरतं ते बघा. घात होतो वजा २.०४, म्हणजे वेग अजून १३ टक्के शिल्लक आहे आणि तुम्ही प्रोग्रामला सांगताय की तिथं शून्य धर. सीमास्तर वर्गमुळात ६ पट, म्हणजे जवळपास अडीच पट जाड झाला, आणि अनंत मात्र जागचं हललं नाही. प्रोग्राम बिचारा सांगितलेलं काम चोख करतो. ईटा २० पर्यंत न्या.

पहिल्या प्रश्नावर रात्री निवांत लिहितो.

पाटावरची_काडी

सर, २० केलं. -०.४०८२. चौथ्या दशांशापर्यंत जुळलं. तीन आठवडे मी जाळी बारीक करत बसले होते. मनापासून आभार.

कालवामोजणी (सेलू)

मी पाटबंधाऱ्यातला निवृत्त माणूस. मायक्रोपोलर हे नाव आज पहिल्यांदा वाचलं, पण सीमास्तराशी जुना परिचय आहे.

लुडविग प्रान्ट्ल यांनी १९०४ च्या ऑगस्टमध्ये हायडेलबर्गच्या गणितज्ञांच्या जागतिक परिषदेत आठच पानांचा निबंध वाचला. त्याआधी शंभरेक वर्षं दोन गट होते. गणितवाल्यांच्या बिनघर्षणाच्या द्रवात वस्तूला विरोधच होत नसे, आणि आमच्यासारखे कामावरचे लोक तर रोज विरोध मोजत. प्रान्ट्ल यांचं म्हणणं असं की घर्षण सगळीकडे शोधू नका. भिंतीला चिकटलेल्या पातळ थरात सगळं घडतं, बाहेर तुमचं बिनघर्षणाचं गणित खुशाल चालू द्या. १९०८ मध्ये त्यांचेच विद्यार्थी ब्लाझियस यांनी सपाट पाटीवरचा थर मोजून दिला. पाटीच्या टोकापासूनचं अंतर गुणिले ५, भागिले रेनॉल्ड्स नंबरचं (वेग गुणिले अंतर, भागिले श्यानता, असा आकडा) वर्गमूळ. पाटीवरच्या वेगाच्या उताराचं ते ०.३३२ अजून माझ्या तोंडात आहे.

काडीताई, तुमचं नाव वाचून एक आठवलं. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या चारीवर पाळी सुटली की मी काठावर उभा राहायचो. पाण्यावर कडब्याची पानं, काड्या, भुसा. मधल्या काड्या सरळ निघून जायच्या. डाव्या काठापासून वीतभर आतली काडी मात्र वळत वळत जायची. तिचं मधल्या बाजूचं टोक पुढं पळायचं, काठाकडचं मागं राहायचं, त्यामुळं ती काठाकडे तोंड फिरवायची. आडवी झाली की झटकन उलटायची आणि परत प्रवाहाच्या रेषेत आली की बराच वेळ तशीच पडून राहायची. वेगमापी लावायच्या आधी मी काड्यांवरूनच सांगायचो की काठाचा दगड किती खरबरीत झालाय. चारीतला प्रवाह खळाळता असतो, त्यातून तुमच्या प्रबंधाला आकडे मिळणार नाहीत. पण फिरणं कुठं सुरू होतं ते डोळ्यांना दिसतं.

विषुववृत्त

काकांनी माझं अर्धं काम केलं. ती पडून राहणारी आणि झटकन उलटणारी काडी म्हणजे जेफरी यांचं १९२२ चं गणित. एकसारख्या उताराच्या सावकाश प्रवाहात बुडालेला गोल कण द्रवाच्या फिरण्याइतकाच, म्हणजे वेगाच्या उताराच्या बरोबर निम्म्या गतीनं फिरतो. उतार दर सेकंदाला १ असेल तर पूर्ण गिरकीला १२.६ सेकंद. लांब कण अडखळत फिरतो. लांबी जाडीच्या दहापट असलेल्या काडीला त्याच प्रवाहात साधारण ६३.५ सेकंद लागतात, आणि त्यातला बहुतेक वेळ ती प्रवाहाच्या रेषेत झोपलेली असते.

आता ताई, तुमचा एन बघा. एकटा गोल कण, कुणाचा धक्का नाही, भिंतीचा अडसर नाही. तो उताराच्या निम्म्या गतीनं फिरतो. हाच तुमचा एन अर्धा. विरळ गर्दी असं लिहितात ते याच कारणानं. कणाला अडवणारं कुणी नाही. ताणाच्या (द्रवातल्या अंतर्गत बलांच्या) सारणीतला असममित भाग, म्हणजे कणाला पिळणारा भाग, तिथं शून्य होतो असंही लिहिलेलं सापडेल. अहमदी यांनी १९७६ मध्ये ते मांडलं. गोष्ट एकच आहे. कण आणि द्रव एकाच गतीनं फिरत असतील तर कॅपाला ओढायला काही उरत नाही. एन शून्य म्हणजे कण इतके दाटीवाटीनं भिंतीला टेकलेत की त्यांना वळायला जागा नाही. जेना आणि माथुर यांनी १९८१ मध्ये तोच अर्थ दिला. एन म्हणजे भिंतीपाशी कणाला किती मोकळीक आहे, त्याचं माप.

पण एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, वाईट वाटून घेऊ नका. गॅमा बरोबर (म्यू + कॅपा/२) गुणिले जे हे तुम्हीही घेतलं असेल, सगळेच घेतात. गॅमा म्हणजे गिरकी शेजारच्या थरात पसरवणारा गुणक, जे म्हणजे कणाच्या आकारावरून येणारं जडत्व. ते घेऊन एन अर्धा धरला तर गिरकीचं समीकरण म्हणजे वेगाच्या समीकरणाचंच एकदा केलेलं विकलन निघतं. करून बघा. जे कितीही घ्या, तो दोन्हीकडून कटतो. खाली उरतो तो साधा द्रायू, म्यूच्या जागी म्यू + कॅपा/२ घातलेला. सपाट पाटीवर भिंतीचं घर्षण आणि थराची जाडी दोन्ही वर्गमुळात (१ + के/२) पट वाढतात आणि ब्लाझियस यांचं ०.३३२ जसंच्या तसं चालतं. एन अर्ध्याच्या तक्त्यांत मायक्रोपोलर म्हणून नवीन काही नाही. तुमचं खरं काम एन शून्याच्या आणि मधल्या तक्त्यांत आहे.

लालपेशी (लातूर)

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, गणित बारावीनंतर सुटलं. रक्ताचं नाव आलं म्हणून लिहिते.

लाल पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद आणि कडेला साधारण दोन मायक्रॉन जाड असते, दोन्ही बाजूंनी दबलेली. चेंडूसारखी गोल नसते. पुरुषाच्या रक्तात साधारण ४५ टक्के जागा पेशींचीच असते, त्यामुळं सरांचा तो एकटा कण रक्तात शोधूनही सापडायचा नाही. स्लाइडवर थेंब घेऊन दुसऱ्या काचेनं ओढला की जाड टोकाला पेशी एकमेकींवर रचलेल्या दिसतात, अगदी नाण्यांची चळत. पातळ टोकाकडे सुट्ट्या. रक्त सावकाश असलं की चळती बनतात, जोरानं ढकललं की मोडतात, म्हणून रक्ताची श्यानता एकच आकडा नसते.

आणि एक. बारीक नळीत पेशी भिंतीपासून सरकून मध्ये येतात, कडेला नुसत्या प्लाझ्माचा पातळ थर राहतो. ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक नळीत रक्त त्यामुळं पातळ झाल्यासारखं वाहतं. १९३१ मध्ये फोरेउस आणि लिंडक्विस्ट यांनी हे मोजलंय. मग रक्तासाठी भिंतीपाशी पेशी दाटीनं टेकलेल्या धरायच्या, की तिथं पेशीच नाहीत असं धरायचं?

विषुववृत्त

लालपेशीताई, इतका नेमका आक्षेप मी पेपर तपासणाऱ्यांकडूनही क्वचित ऐकलाय. मायक्रोपोलर मांडणीत कण सगळीकडे सारखे पसरलेत असं गृहीत असतं. पेशी भिंतीपासून दूर सरकतात हे तिला आपोआप कळत नाही, एन कितीही घेतला तरी. त्यासाठी कडेचा थर वेगळा मांडावा लागतो.

डायमुख (वाळूज)

मी प्लास्टिकच्या फिल्मच्या कारखान्यात आहे. डायच्या तोंडातून पत्रा ओढला जातो, त्याच्यासोबत आजूबाजूचा द्रव ओढला जातो, आणि सुरुवातीला भिंत थांबलेली नसून पळत असते. साकियाडिस यांनी १९६१ मध्ये हे वेगळं मांडलं, त्यातूनच पुढं क्रेन आले. हा विषय मला कोरा वाटत नाही, रोज डोळ्यांसमोर असतो.

पण काडीताई, एक हिशेब करा. एन शून्य धरल्यानं जो फरक पडतो तो भिंतीपासून किती अंतरापर्यंत पोचतो? सपाट सावकाश प्रवाहात समीकरण सोडवलं तर त्या अंतराचा वर्ग निघतो जे गुणिले (म्यू + कॅपा) भागिले दोन कॅपा. के एक असेल तर अंतर बरोबर वर्गमुळात जे. आणि जे येतो कणाच्याच आकारावरून. गोल कण असेल तर त्रिज्येच्या वर्गाचे दोन पंचमांश. म्हणजे भिंतीची ही अट कणाच्या आकाराएवढ्या अंतरातच जाणवते.

पाण्यात मीटरभर वेगानं पाटी धरली तर टोकापासून १० सेंटीमीटरवर रेनॉल्ड्स नंबर १ लाख, थराची जाडी साधारण १.६ मिलिमीटर. लाल पेशीएवढा कण त्याच्या दोनशेव्या भागाचा. तिथं एन शून्य घ्या की अर्धा घ्या, वरच्या थराला पत्ताही लागणार नाही. मग तक्त्यांत इतका मोठा फरक का येतो? तुम्ही जे बरोबर न्यू भागिले ए घेतलंय का? न्यू म्हणजे म्यू भागिले घनता आणि ए म्हणजे पत्रा ताणण्याची गती. असं घेतलं की जे चं वर्गमूळ हेच थराच्या जाडीचं माप होतं. पाण्यासाठी, ए दर सेकंदाला १ असेल तर ते १ मिलिमीटर. म्हणजे कण सव्वातीन मिलिमीटर व्यासाचा, मोहरी आणि ज्वारी यांच्या मधला दाणा. तुमचा प्रबंध पाण्यात वाहणाऱ्या दाण्यांचा आहे. त्यात वाईट काही नाही, पण तसं लिहायला हवं.

पाटावरची_काडी

तुमचे सगळ्यांचे प्रतिसाद काल रात्री तीनदा वाचले. हो, जे बरोबर न्यू भागिले ए घेतलंय. तसं घेतलं की समीकरणातून एक प्राचल जातं आणि सगळं सुटसुटीत होतं, म्हणून घेतलं. कणाचा आकार मी थराएवढा धरतेय हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

माझ्या प्रबंधातले नऊ तक्ते एन अर्ध्याचे आहेत. विषुववृत्त सरांनी सांगितलेलं विकलन सकाळी कागदावर केलं. दीड पान. नऊच्या नऊ तक्ते एका ओळीत निघतात. कागद बाजूला ठेवून मी गच्चीवर जाऊन बसले.

आईनं विचारलं, काय झालं. तिला म्हणलं, कण भिंतीपाशी फिरतो की नाही ते बघायचंय. ती म्हणाली, मग बघ की.

काहिल_आणि_काकवी (औसा)

बघ की म्हणाली ना आई, मग बघाच. आमचं गुऱ्हाळ आहे. गणितातलं मला ओ का ठो कळत नाही, पण काकवीत काय फिरतं ते लहानपणापासून बघायलोय. रस काहिलीत उकळला की मळी वर येते, रानभेंडीचा चीक घातला की ती बांधून येते आणि झाऱ्यानं काढायची. काकवी तयार व्हायला आली की गुळव्या हाटणीनं कडंकडंनं हाटतो. त्या वक्ताला वर राहिलेला मळीचा एखादा तुकडा हाटणीच्या मागं कसा गिरक्या घेत जातो ते बघण्यासारखं असतंय. हाटणीजवळचा फिरतो, लांबचा नुसता सरकतो.

काकवी एवढी दाट की तिच्यात खळबळ नाही, भोवरे नाहीत. आणि मोहरी टाकली तर बुडत नाही. यंदाची पाच किलो काकवी एसटी पार्सलनं पाठवतो, पत्ता व्यक्तिगत निरोपात टाका. पैशाचं बोलू नका.

विषुववृत्त

काकवी मिळतेय तर एक प्रयोग सांगतो, ज्याचं उत्तर आधीच काढता येतं.

पातेलं घ्या आतून २० सेंटीमीटर व्यासाचं. मधोमध १० सेंटीमीटर व्यासाचा उभा डबा. मधल्या जागेत काकवी. डबा हातानं सावकाश, एकसारखा फिरवा, पातेलं स्थिर. मधल्या द्रवाचं फिरणं सगळीकडे सारखं असतं आणि डब्याच्या उलट दिशेनं असतं, हे ऐकून सगळेच दचकतात. त्याची गती डब्याच्या गतीला (५ चा वर्ग) भागिले (१० चा वर्ग वजा ५ चा वर्ग) एवढ्यानं गुणलं की येते. २५ भागिले ७५, एक तृतीयांश. डब्याच्या तीन फेऱ्या झाल्या की मोकळ्या दाण्याची उलटी एक गिरकी व्हायला हवी, दाणा डब्याजवळ असो की पातेल्याच्या कडेला. दाणा डब्याभोवती वाहत जाईलच, तिकडं लक्ष देऊ नका. त्याचं तोंड खोलीतल्या कुठल्या भिंतीकडे आहे ते बघा. काकवी खोल भरा, नाहीतर तळाचा ओढा नडतो.

डायमुखांनी विचारायच्या आधी मीच सांगतो, यात सीमास्तर नाही. काकवी इतकी श्यान की घर्षण सगळ्या पातेल्यात पसरलेलं असतं. आपल्याला फक्त भिंतीपाशी दाणा काय करतो ते बघायचंय.

पाटावरची_काडी

काकवी मंगळवारी आली. रविवारी केलं.

आतून २० चं स्टीलचं पातेलं, मध्ये १० चा हळदीचा डबा, आत खडी भरून जड केलेला. मोहरी गोल असल्यानं फिरली तरी कळत नाही, म्हणून काडेपेटीच्या काडीच्या टोकानं प्रत्येक दाण्यावर चुन्याचा ठिपका दिला. भावानं डबा फिरवला, एका फेरीला अर्धा मिनिट, मोबाइलवर सेकंद बघत. मी खुर्चीवर उभी राहून वरून शूटिंग केलं.

पहिल्यांदा पाच दाणे, एकमेकांपासून लांब लांब. डबा घड्याळाच्या दिशेनं. दाणे डब्यासोबत त्याच दिशेनं वाहायला लागले, आणि ठिपके उलटीकडे सरकायला लागले. भाऊ म्हणाला, "ताई, हा उलटा फिरायलाय." पहिली पूर्ण उलटी गिरकी व्हायला डब्याच्या सव्वातीन ते साडेतीन फेऱ्या लागल्या. मधल्या तीन दाण्यांत मला डोळ्यांनी फरक करता आला नाही. तीनच्या वर जे गेलं ते तळाचा ओढा आणि भावाचा हात. तीळ टाकून बघितले, ते मध्येच रेंगाळतात आणि मग चटकन वळतात, काकांची चारीतली काडीच.

मग मूठभर मोहरी ओतली. पृष्ठभाग जवळजवळ भरून गेला. डब्याला टेकलेली पहिली रांग आता फिरेना. डब्यालाच खिळल्यासारखी त्याच्यासोबत निघाली. तिच्यातल्या एका दाण्याचा ठिपका बाहेर तोंड करून होता. डब्याच्या दोन फेऱ्या झाल्या तरी तो बाहेरच बघत होता. भिंतीच्या हिशेबानं त्याची गिरकी शून्य. दुसरी रांग थोडी अडखळत वळत होती, तिसऱ्या-चौथ्या रांगेपासून दाणे आपापले फिरत होते.

मी खुर्चीवरून उतरले आणि तो व्हिडिओ लगेच परत लावला. एन शून्य मी चार वर्षं लिहिलंय. तो ठिपका बघेपर्यंत ते मला दिसलं नव्हतं.

डायमुख

फार सुंदर. तिसऱ्या-चौथ्या रांगेचं निरीक्षण नीट जपून ठेवा, दाण्याच्या आकाराएवढ्या अंतरात अट विरते हे त्यात दिसतंय. एक सावधगिरी. तरंगणारे दाणे पृष्ठताणामुळं एकमेकांना आणि डब्याला ओढतात, त्यामुळं पहिली रांग खिळण्यात त्याचाही वाटा असणार. प्रबंधात हे चित्र म्हणून द्या, मोजमाप म्हणून देऊ नका.

आणि दाणा मोकळा असूनही द्रवापेक्षा वेगळा फिरू शकतो, त्याचं शुद्ध उदाहरण चुंबकी द्रवात आहे. नासामध्ये पापेल यांनी १९६३ मध्ये तो बनवला. दहाएक नॅनोमीटरचे मॅग्नेटाइटचे (लोहाच्या ऑक्साइडचे) कण तेलात असतात, बाहेरून फिरतं चुंबकीय क्षेत्र दिलं की कण क्षेत्राच्या मागं फिरतात आणि कॅपामार्फत द्रवाला फिरवतात. तिथं गिरकीचं समीकरण टाळताच येत नाही. पुढचं प्रकरण तिकडं नेता येईल.

लालपेशी

व्हिडिओ बघितला. पहिली रांग खिळलेली बघून स्लाइडच्या जाड टोकाची चळत आठवली. माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालं नाही, पण आता तो प्रश्न डोळ्यांनी दिसतो.

कालवामोजणी

पोरी, भावाच्या हाताऐवजी जुन्या शिलाई मशीनचं चाक लाव. गती एकसारखी मिळेल. माझ्याकडे पडून आहे, सेलूला येणं झालं तर घेऊन जा.

पाटावरची_काडी

काका, येत्या शनिवारी येते.

गाइडसरांशी काल बोलले. एन अर्ध्याचे नऊ तक्ते काढून त्या जागी ते दीड पान येतंय. जे आता न्यू भागिले ए न घेता स्वतंत्र प्राचल म्हणून ठेवणार, कणाचा आकार आणि थराची जाडी यांचं गुणोत्तर. सगळी गणितं नव्यानं करावी लागतील, सहा महिने तरी जातील. सर म्हणाले, "जाऊ दे सहा महिने."

चाक लागलं की पहिलं काम ठरलंय. ६ सेंटीमीटर त्रिज्येचा डबा मिळालाय, पातेलं तेच. ३६ भागिले ६४. डब्याच्या १.७८ फेऱ्यांत उलटी गिरकी पूर्ण व्हायला हवी. पाच दाण्यांवर चुन्याचे ठिपके देऊन ठेवलेत.